घरची सुई

निलंगा, ७ जानेवारी २०२४

चि. लुंबिनी,
सप्रेम जयभीम.

तू पाठवलेलं पत्रक तीनदा वाचलं. वर मोठ्या अक्षरात 'वय थांबवा' आणि खाली तुमच्या दवाखान्याची वेळ, सकाळी अकरा ते रात्री आठ, सोमवारी बंद. म्हणजे सोमवारी म्हातारं व्हायचं का गं?

तुझ्या तनुजाच्या लग्नाआधी माझाही चेहरा करून देईन म्हणतेस. एकसष्टाव्या वर्षी मला कोण बघायला येणार आहे? तुझे नरसिंगमामा जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या तोंडाकडे रोज बघणारा एकच माणूस होता. आता आरसाही मी भाजीवालीसारखा बघते, भाव विचारते आणि पुढे जाते. डोळ्यांखालचं कातडं लोंबलंय, गालावर रेघा पडल्यात. त्या रेघा मी फुकट मिळवलेल्या नाहीत.

पण तू लिहिलंस त्याची उत्सुकता आहे. माणसाच्याच रक्तातून काढून त्याच्याच तोंडाला कसं लावतात? सुईनं तोंड टोचल्यावर ते चांगलं कसं होतं? मला सुई एकच माहीत, गोंदणवालीची. आम्ही पाच बहिणी एका दुपारी आंब्याखाली बसलो. म्हातारीनं एकाच सुईनं पाचही जणींच्या हनुवटीवर तीन-तीन ठिपके दिले. सुई लुगड्याला पुसायची की पुढची. आई म्हणाली, "रडू नका गं, आता तुमच्या रक्ताला रक्त लागलं, जन्मात भांडणार न्हाईत." भांडलो तरी फार नाही, हे खरं.

तू वसतिगृहात असताना तुझी पत्रं वाचण्यासाठी मी अक्षरं शिकले. तेव्हापासून मला काही नीट समजून घ्यायचं असलं की तुझ्या हस्ताक्षरात लागतं. तेव्हा फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव.

तुझी,
सरजाआत्या


नांदेड, १६ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

सोमवारचा विनोद मी डॉक्टरांना सांगितला, ते हसले नाहीत. ते मंगळवारी आणि शुक्रवारीच येतात, त्यामुळे त्यांना हसायला वेळ नसतो. बाकी दिवस मी आणि समोर नावं लिहून घेणारी उज्वला.

आता शिकवते, वही घेऊन बस. हाताच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं. ते नळीत घालून यंत्रात गरगर फिरवायचं. लाल भाग जड, तो तळाला बसतो. वर पिवळसर पाणी येतं, त्यात रक्त गोठवणारे बारीक कण असतात. आपल्याला कापलं की हेच कण धावत जातात आणि आजूबाजूच्या पेशींना सांगतात, इथं मोडलंय, बांधा. चाळिशीनंतर कातडीतल्या पेशी आळसावतात. जिच्यामुळे गाल ताठ राहतात ती कोलॅजनची दोरी त्या विणत नाहीत. म्हणून आम्ही पेनासारख्या यंत्रानं चेहऱ्यावर हजारो बारीक भोकं पाडतो आणि ते पिवळं पाणी वरून लावतो. कातडीला वाटतं आपण जखमी झालो. ती कामाला लागते. म्हणजे बरं करायचं तर आधी थोडं दुखवायचं.

आता एक्झोसोम म्हणून बाटल्याही येतात. पेशी एकमेकींना इवल्या पुड्या पाठवतात, त्यात निरोप असतो. तरुण पेशींच्या पुड्या म्हाताऱ्या पेशींना द्यायच्या. डॉक्टर म्हणतात याचा अभ्यास अजून पुरता झालेला नाही. आपण त्यात पडायचं नाही. तुला तुझंच रक्त.

सतरा फेब्रुवारीला ये. अठराला रविवार आहे, डॉक्टर नसतात, दवाखान्याची किल्ली माझ्याकडे असते, अकराच्या आत उरकू. नाही म्हणू नकोस. मामा गेल्यापासून सांधेदुखीसाठी लातूरला जातेस तेवढीच, बाकी तू घरातून निघालीच नाहीस. मला तुझा चेहरा माझ्या हातात घ्यायचाय, खरं तर एवढंच.

तुझी,
लुंबिनी


नांदेड, २७ फेब्रुवारी २०२४

आत्या,

पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. लाली उतरली का? अजून आठ दिवस उन्हात जाऊ नकोस, हे तीनदा सांगितलंय.

तू गेल्यावर घर ओकंबोकं झालं. तनुजा म्हणते, आज्जी खुर्चीवर कशी बसली होती बघ, निवडणुकीला उभी असल्यासारखी. तू मला दोनदा विचारलंस, "सुई नवी हाय ना?" मी हसले. माझ्या हातात पाकीट फोडलं ते तू पाहिलंसच.

एक गंमत सांगते. तू बाहेर बाकावर पडलीस ना तोंडाला थंड कापड लावून, तेव्हा मी आरशासमोर बसले. तेच सुयांचं टोक, तेच पेन, माझ्या चेहऱ्यावर फिरवलं. नियमानं ते एकदा वापरून फेकायचं असतं. पण त्याला बारा सुया, एका चेहऱ्यात त्यांना काय झालं असणार? जिवावर आलं फेकायला. आणि कुणा परक्याचं थोडंच होतं? तुझंच रक्त. मला तुझ्या हनुवटीवरचे ठिपके दिसत होते आणि तुझी आंब्याखालची गोष्ट आठवत होती. म्हटलं, चला, आपल्याही रक्ताला रक्त लागलं.

ते टोक मी स्टीलच्या डबीत ठेवलंय. डबीवर 'घरचं' अशी चिठ्ठी लावली आहे. तनुजाचा नंबर सतरा मार्चला. लग्न बारा मेला आहे, तोवर चेहरा कसा खुलेल बघ.

माझी कातडी आत्ताच गुळगुळीत लागतेय. तुझी?

लुंबिनी


निलंगा, ४ मार्च २०२४

चि. लुंबिनी,

पत्र काल मिळालं.

माझं तोंड बरं आहे. लाली गेली.

ती डबी फेकून दे. मी इथं वाचनालयात वाचलं की एकदा वापरलेल्या सुईची धार जाते. बोथट सुई कातडी टोचत नाही, फाडते, आणि मग डाग पडतात. तनुजाच्या तोंडावर लग्नात डाग नकोत. तू शिकलेली आहेस, तुला मी काय सांगणार. पण फेक. चिठ्ठीसकट फेक.

इथं ऊन चढलंय. रस्त्याच्या कामासाठी नळ तीन दिवस बंद होता, आज आला. शेजारच्या मल्लम्मा विचारत होत्या, "अक्का, तोंडाला काय लावून राहिल्या? उजळलाव की." मी म्हटलं, काही नाही, झोप झाली.

फेकलीस की एक ओळ लिही.

सरजाआत्या


नांदेड, १२ मार्च २०२४

लाडक्या आत्या,

तुझं पत्र वाचून मी आणि तनुजा लोळून हसलो. दुनियेतली सगळी पुस्तकं वाचणार आणि घाबरणार सुईच्या धारेला! ऐक, भिंगाखाली धरून बघितलं. बाराच्या बारा सुया जशाच्या तशा आहेत. तरी तुझ्या समाधानासाठी स्पिरिटमध्ये बुडवून ठेवल्या आहेत. डाग पडणार नाहीत, माझी हमी.

तनुजा नको म्हणत होती. "आई, मी एकवीस वर्षांची आहे, माझ्यात काय जुनं झालंय दुरुस्त करायला?" पण मुलाकडच्या मावशीनं बघण्याच्या दिवशी तिच्या गालावरच्या मुरमांच्या खड्ड्यांकडे असं पाहिलं की मी तिथंच ठरवलं. येत्या रविवारी उरकते.

भित्री आत्या हा तुझा अवतार मला नवीन आहे. मामा गेले तेव्हाही तू भ्यायली नव्हतीस.

लुंबिनी


निलंगा, १५ मार्च २०२४

लुंबिनी,

हे पत्र टपालानं रविवारपर्यंत पोचणार नाही. आमच्या गल्लीतले व्यंकटी नांदेडच्या गाडीवर चालक आहेत, त्यांच्या हाती देते आहे. तुझ्याच हातात द्या, असं सांगितलं आहे.

काल फोन केला होता. तुझ्या सासूबाईंनी उचलला. "काय निरोप हाय, सांगा की, मी सांगते." मागं लग्नाच्या बैठकीचा आवाज येत होता. मी म्हटलं, काही नाही, सहज केला. आणि ठेवला. सहा वर्षं मी हेच करते आहे.

धारेचं खोटं होतं. मी ते कुठंही वाचलेलं नाही.

तुझे मामा काविळीनं गेले असं सगळ्यांना सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धं. ती हिपॅटायटिस बी होती. गढूळ पाण्यानं होते ती काविळ वेगळी. ही रक्तातून जाते, मुक्काम करते आणि वीस-पंचवीस वर्षं यकृत खात बसते. लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी सुया घेतल्या होत्या का? आमच्या गावचा कंपाउंडर एकच सुई कोमट पाण्यात बुडवून अख्ख्या वस्तीला टोचायचा. कुणाची कुणाला गेली, कोण सांगणार. मामा मला म्हणाले, "सरजा, लोकायला सांगू नको. म्हणतील दारू पीत होता, न्हाईतर बाई ठेवली होती." मी शब्द दिला.

तेव्हाच डॉक्टरांनी माझं रक्त घेतलं. माझ्यातही आहे. मला काही होत नाही, दर सहा महिन्यांनी लातूरला जाऊन तपासून येते. तुम्हा सगळ्यांना मी सांधेदुखीला जाते असं सांगते. जेवणातून, ताटातून, हात लावण्यातून हे जात नाही, म्हणून मी बिनधास्त होते. रक्तातून जातं. वाळलेल्या रक्तात ते सात दिवस जगतं. स्पिरिटवर विसंबू नकोस, सुयांच्या बुडाशी रक्त अडकलेलं असतं.

तू मला लिहिलं होतंस की पेशी एकमेकींना पुड्यांतून निरोप पाठवतात. हाही एक निरोपच आहे लुंबिनी. पेशी तो उघडून वाचते आणि सांगितलं तसं करते. वाईट पत्र आहे म्हणून ती परत पाठवत नाही.

मी दोनदा विचारलं, सुई नवी आहे ना. माझ्यानंतर ती कुठं जाणार आहे, हे विचारायला हवं होतं. तुझी बोटं माझ्या गालावर होती. सहा वर्षांत कुणी असा हात लावला नव्हता. सांगितलं तर तू हात काढून घेशील, असं वाटलं.

तनुजाला बसवू नकोस. तू उद्याच रक्त तपास. लागण झाल्यावर पहिल्या काही दिवसांत द्यायचं एक इंजेक्शन असतं, ते दिवस तुझं पत्र माझ्यापर्यंत यायच्या आतच गेले होते. पण त्यानंतरचे बारा दिवस मी वाया घालवले, तेही खरं.

सरजा


नांदेड, २ एप्रिल २०२४

श्रीमती सरजाबाई यांस,

व्यंकटी यांनी पत्र दिलं. रविवारी सकाळी दिलं. तनुजा तोंड धुऊन खुर्चीत बसली होती. मी तिला उठवलं आणि यंत्र बिघडलं म्हणून सांगितलं. टोक चिठ्ठीसकट जाळलं, डबी फेकली.

रक्त दुसऱ्या गल्लीतल्या प्रयोगशाळेत दिलं, खोट्या नावानं. काही निघालेलं नाही. म्हणजे तुम्ही उगाच घाबरवलंत.

लग्न जवळ आलं आहे. मुलाकडची मंडळी चौकस आहेत. तुम्हाला लग्नाला यायचं तर यावं, पण हळदीला नको. आणि तो विषय कुणाशीही काढू नये. इतकी वर्षं काढला नाहीत, तसाच.

लुंबिनी


निलंगा, ८ एप्रिल २०२४

चि. लुंबिनी,

आयुष्यात पहिल्यांदा तू मला तुम्ही म्हणालीस. बरोबर आहे.

पण ऐक. तू लवकर तपासलंस. रक्तात ते दिसायला कधी महिना लागतो, कधी दोन-अडीच. आत्ता निघालं नाही म्हणजे नाही, असं धरू नकोस. मे उजाडताच परत तपास, आणि खऱ्या नावानं. तनुजाला आणि जावईबुवांना लस दे. तीन डोस असतात, सरकारी दवाखान्यात विचार. दवाखान्यात काम करणाऱ्या तुझ्यासारखीला ती आधीच द्यायला हवी होती, हे तुझ्या डॉक्टरांना कुणी कसं सुचवलं नाही?

आणखी एक. डबीवर तू 'घरचं' लिहिलं होतंस. त्यात तू आणि मी, दोघीच ना? एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.

लग्नाला मी येत नाही. मी आले तर तू दिवसभर माझ्याच तोंडाकडे बघत बसशील. तनुजाला माझे आशीर्वाद सांग. तिच्यासाठी पांढरी साडी व्यंकटींच्या हाती पाठवते, काठ निळा आहे.

सरजाआत्या


नांदेड, २६ मे २०२४

आत्या,

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला सात आठवडे लागले.

लग्न छान झालं. वंदना घेताना तनुजानं तुझीच साडी नेसली होती. ती हैदराबादला पोचली, सुखात आहे. तिला आणि जावयांना लसीचा पहिला डोस लग्नाआधीच दिला, परगावी जायचं म्हणून सांगून. तिचं रक्त तपासलंय, चांगलं आहे.

लग्नाच्या आधी आठ दिवस मला अन्न जात नव्हतं. सगळे म्हणाले, लेक चालली म्हणून. अंग ठणकत होतं, म्हणाले धावपळ. हळदीच्या दिवशी बायकांनी मलाही धरून माखलं. हात पिवळे, गळा पिवळा, सगळ्याच पिवळ्या. फोटोत मी हसतेय. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, दोनदा साबण लावला. सगळ्यांची उतरली, माझी उतरली नाही. सासूबाई म्हणाल्या, "हळद लई चांगल्या प्रतीची आणली व्हती." आणि मग त्यांनी माझे डोळे बघितले.

सोमवारी सरकारी रुग्णालयात गेले. खऱ्या नावानं. तेच आहे.

डॉक्टर म्हणतात सहा महिने थांबून बघायचं. बहुतेकांचं आपोआप जातं म्हणतात. खरं आहे का? मला तुझ्याकडूनच ऐकायचं आहे.

आता तुझा प्रश्न. दोघीच नव्हतो.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी, गुरुवारी, उज्वलानं डबी बघितली. "मी काय परकी आहे का ताई?" म्हणाली. आठ वर्षं एका डब्यातून जेवतो आम्ही. तिला बसवलं. मग शेजारच्या पार्वतीबाई, ज्यांनी तनुजाला अंगाखांद्यावर खेळवलं. त्यांना सुनेच्या डोहाळजेवणात चांगलं दिसायचं होतं. आणि शनिवारी देगलूरच्या कमलम्मा, ज्या दवाखान्यात झाडपूस करतात. त्या बसतच नव्हत्या. "आता कुणाला दाखवू ओ, नवरा तर गेला." मी म्हटलं, मला दाखवा. हाताला धरून बसवलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अम्मा, बरं वाटून राहिलंय."

सगळ्या सात दिवसांच्या आत. तुझं पत्र वाचल्यापासून मी बोटांवर तेच मोजतेय. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. दोन महिने रोज दिसतात. काल पार्वतीबाई म्हणाल्या, तोंडाला चव नाही, उन्हाळा बाधला. मी त्यांना लिंबाचं सरबत करून दिलं. सरबत करून दिलं, आत्या.

तू सहा वर्षं कशी गप्प राहिलीस, हे मी आता कुणाला विचारणार नाही.

तुझी,
लुंबिनी


निलंगा, २९ मे २०२४

लुंबिनी,

विचारलंस ते आधी सांगते. मोठ्या वयात लागण झाली तर शंभरांतल्या पंच्याण्णव जणांचं सहा महिन्यांत निघून जातं. हे मी छापलेलं वाचलं आहे आणि लातूरच्या डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. उरलेल्या पाचांत मी आहे, मामा होते. तुझं काय होईल, ते मी सांगू शकत नाही. आता मी तुला खात्री नसलेलं काहीही सांगणार नाही. विश्रांती घे, काविळीचं झाडपाल्याचं औषध कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नकोस आणि रुग्णालयातल्या तारखा चुकवू नकोस.

पार्वतीबाईंना सरबत पुरे. त्यांच्या घरात पोटुशी सून आहे. पार्वतीबाईंना लागण असेल तर त्यांच्या जखमेतून, टाके-सुईतून, एकाच नखकटरमधूनही पुढे जाऊ शकतं. सुनेलाही तपासून घ्यायला सांगायचं आहे. आईला असेल तर बाळाला जन्मल्यावर काही तासांत लस द्यावी लागते, आणि ते आधीच माहीत असावं लागतं. एका घराला आपल्या लाजेसाठी किती दिवस थांबवायचं?

टपालाला वेळ लागेल, म्हणून हे पत्र व्यंकटींच्या हाती देते आहे. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते. माझी लातूरची फाईल बरोबर आणते, पहिल्या कागदापासून. मामांची पण. उज्वला, पार्वतीबाई आणि कमलम्मा, तिघींना दुपारी घरी बोलाव. कारण सांगू नकोस, आत्या येतेय म्हण. चहा तू करू नकोस, मी करीन. आधी मी बोलेन. त्या मला बोलतील, बोलू दे. तुला मारायला उठल्या तर मी मध्ये बसेन. मंगळवारी तुझ्या डॉक्टरांसमोरही मीच उभी राहीन. नोकरी जाईल, हे धरून चल.

मामांना दिलेला शब्द मी मोडते आहे. काल त्यांच्या फोटोसमोर बसून सांगितलं. त्यांना काही म्हणायचं असेल तर ते मला नंतर म्हणतील.

तू विचारायची विसरलीस, पण माझं तोंड खरंच भरून आलं आहे. डोळ्यांखालच्या रेघा पुसल्या गेल्यात. तुझी विद्या खोटी नव्हती. परवा डेपोत एक अनोळखी बाई थांबून म्हणाली, "मावशी, काय लावता ओ तोंडाला?" घरी येऊन आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

एक काम कर. कोऱ्या कागदावर नावं लिहून ठेव, ज्या क्रमानं सुई फिरली त्या क्रमानं. पुढे तारीख घाल. कुणी राहिलं असेल तर आठव, नीट आठव. डॉक्टरांना आणि सरकारी रुग्णालयाला तो कागद द्यायचा आहे.

सुरुवात तुझ्यापासून करू नकोस. सगळ्यांत वर माझं नाव लिही, पूर्ण.

सरजाआत्या